फौजदारी प्रकरणात जामीनदार राहण्यापूर्वी काय पाहावे, काय टाळावे

सोलापुरात कर्जाला जामीनदार राहिलेला माणूस शोधावा लागत नाही. पतसंस्था, नागरी बँका आणि विकास सोसायट्यांच्या या जिल्ह्यात अनेक घरांत कोणी ना कोणी भावाच्या, मेहुण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कर्जरोख्यावर सही केलेली असते. कर्जदाराने हप्ते थकवले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला जामीनदाराच्याही दारात येतो, हे लोक अनुभवाने शिकलेले आहेत. फौजदारी न्यायालयातल्या जामीनदारीबद्दल मात्र तेवढी स्पष्टता आढळत नाही. काहींना ती केवळ ओळख पटवण्यापुरती सही वाटते, तर काहींना आरोपीला शिक्षा झाली की आपल्यालाही त्याच्याबरोबर तुरुंगात जावे लागेल अशी धास्ती असते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत; पहिल्यामुळे माणूस बेफिकीर राहतो आणि दुसऱ्यामुळे खऱ्या गरजूलाही जामीनदार मिळत नाही.

जामीनदार आरोपीच्या निर्दोषपणाची हमी देत नसतो. तो एवढेच लिहून देतो की, हा माणूस न्यायालय बोलावील तेव्हा हजर राहील आणि तो राहिला नाही तर जामीनपत्रात लिहिलेली रक्कम मी सरकारजमा करीन. त्यामुळे आरोप खरा निघाला, शिक्षा झाली, दंड झाला, तरी आरोपी तारखांना हजर असेल तर जामीनदाराला एक रुपयाही भरावा लागत नाही. उलट आरोपी पुढे निर्दोष ठरणारा असला, पण मधल्या तारखांना बेपत्ता झाला, तर जामीनदार अडचणीत येतो. म्हणून होकार देण्यापूर्वी “यानं खरंच हे केलं असेल का?” या प्रश्नावर रात्र घालवण्यापेक्षा “हा प्रत्येक तारखेला येईल का?” या प्रश्नाचे उत्तर शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून जामीनपत्रे आणि जामीनदारांविषयीच्या तरतुदी आता तिच्या कलम ४७८ ते ४९६ मध्ये आहेत. “१५ हजार रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार” असा आदेश झाला म्हणजे दोन स्वतंत्र बंधने तयार होतात. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेले बंधपत्र आणि जामीनकतबा म्हणजे जामीनदाराचे. आरोपीची रक्कम वसूल झाली म्हणून जामीनदार सुटत नाही. दोन जामीनदार असतील तर “आपण निम्मे निम्मे भरू” असा हिशेबही धरून चालता येत नाही, कारण प्रत्येकाचे बंधन स्वतंत्र असते आणि प्रत्येकाकडून त्याने लिहून दिलेली पूर्ण रक्कम मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद कुंजू विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. दोघांनी मिळून सही करताना ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठरावीक टक्के शुल्क घेऊन जामीन भरणाऱ्या खासगी कंपन्या असतात. आपल्या कायद्यात तसा व्यवसाय नाही. पैसे घेऊन जामीनदार उभे करणारी मंडळी न्यायालयाच्या आवारात भेटत असली तरी ती कायद्याने मान्य केलेली सेवा नव्हे. आरोपीने “तुमचे नुकसान झाले तर मी भरून देईन” असे जामीनदाराला लिहून दिले तरी जामीनदाराची आरोपीवर लक्ष ठेवण्याची गरजच त्यामुळे संपते, म्हणून असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानला जातो आणि त्याच्या आधारावर नंतर दावा टिकत नाही. गेलेली रक्कम आरोपीकडून परत मिळेल, हे गृहीत न धरणे उत्तम.

होकार देण्यापूर्वी

“अण्णा, नुसती एक सही पाहिजे,” असे म्हणत कोणी घरी आले की पहिली मागणी जामिनाच्या आदेशाच्या प्रतीची करावी. रक्कम, जामीनदारांची संख्या आणि अटी या तिन्ही गोष्टी त्या प्रतीत असतात. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, जिल्हा न सोडणे, साक्षीदारांशी संपर्क न ठेवणे अशा अटी असतील तर त्या पाळणे या माणसाला जमणार आहे काय, हे पाहावे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या कामगाराला आठवड्याची हजेरी सांभाळता येते. पण जो दर काही महिन्यांनी कामासाठी भिवंडी, सुरत किंवा हैदराबाद गाठतो, त्याच्या बाबतीत धोका निराळा असतो. तो पळून जाणारा गुन्हेगार नसतो. त्याची रोजीच दूर असते. दोन तारखा चुकतात, अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जामीनदाराला नोटीस येते. माझ्या मते सोलापूरकडच्या जामीनदारांना खरा धोका अट्टल फरार माणसांपेक्षा अशा साध्या, विस्कळीत आयुष्याच्या माणसांकडून अधिक असतो.

त्यानंतर आरोपीवर आणखी किती गुन्हे आहेत, पूर्वी कधी वॉरंट निघाले होते काय, घरात त्याला तारखेची आठवण करून देणारे कोणी आहे काय आणि त्याचा वकील कोण, हे विचारावे. विचारायला संकोच वाटत असेल तर वकिलाला विचारावे. तो संकोच १५ किंवा २५ हजार रुपयांपेक्षा महाग नाही. शेवटी स्वतःकडे पाहावे. जामीनपत्रातली पूर्ण रक्कम उद्या भरावी लागली तर ती घरखर्च, मुलांची फी किंवा पेरणीचे पैसे न मोडता भरता येईल काय? उत्तर नाही असेल तर नातेसंबंध कितीही जवळचा असला तरी सही करू नये.

चॅप्टर केसमधला, म्हणजे प्रतिबंधक कारवाईतला, जामीन मात्र यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. निवडणूक, गणेशोत्सव किंवा सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की शांतता राखण्यासाठी प्रतिबंधक कारवाया होतात आणि शहरात सहायक पोलीस आयुक्तांपुढे, ग्रामीण भागात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे बंधपत्रे लिहून घेतली जातात. याच संहितेच्या कलम १२६ खालचे शांतता राखण्याचे बंधपत्र जास्तीत जास्त १ वर्षाचे, तर सराईतांसाठीच्या कलम १२९ खालचे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र जास्तीत जास्त ३ वर्षांचे असते. येथे जामीनदार हजेरीची नव्हे, वर्तणुकीची हमी देतो. त्या मुदतीत या माणसाने बंधपत्राचा भंग करणारा गुन्हा केला आणि त्यात त्याला शिक्षा झाली, तर त्या निकालाची प्रमाणित प्रतच जामीनदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येते. दुसऱ्याच्या तारखा सांभाळणे शक्य असते, दुसऱ्याचा राग सांभाळणे फार कमी वेळा शक्य होते. त्यामुळे या प्रकारच्या जामिनाला आपला मुलगा किंवा सख्खा भाऊ सोडून इतर कोणासाठी उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण नकार दिला म्हणजे समोरचा माणूस कोठडीतच राहील असे नाही, हेही लक्षात ठेवावे. न्यायालयाच्या परवानगीने जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरता येते आणि प्रकरण संपल्यावर ती परत मिळते. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असे समजून त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद कलम ४७८ मध्ये आहे. रक्कम अवाजवी असेल तर ती कमी करण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाला स्वतःहून करता येईल, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेले आहेत. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक साह्य देणारी केंद्र सरकारची योजनाही २०२३ पासून आहे. या सर्वांची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विनामूल्य करता येते.

कागदपत्रे आणि सहीचा दिवस

सक्षम जामीनदार म्हणजे ज्याची ऐपत जामिनाच्या रकमेइतकी आहे असे कागदावर दिसते तो. शेतकऱ्याकडून चालू सातबारा आणि आठ-अ, घरमालकाकडून प्रॉपर्टी कार्ड किंवा महापालिकेच्या घरपट्टीची पावती, नोकरदाराकडून पगारपत्रक आणि ओळखपत्र मागितले जाते. मोठ्या रकमेसाठी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागितला जाऊ शकतो. त्याबरोबर आधार कार्ड, रेशन कार्ड, छायाचित्रे आणि प्रतिज्ञापत्र लागते. सातबारा भावांच्या सामायिक नावावर असेल तर ऐपत केवळ आपल्या हिश्श्यापुरती आहे हे विसरू नये आणि भावांना आधी सांगावे. न सांगता केलेल्या जामिनातून जी भांडणे लागतात ती मूळ खटल्यापेक्षा जास्त काळ चालतात. जमिनीवर पीककर्जाचा बोजा असेल तर तो लपवू नये.

झेरॉक्स प्रतींबाबत एक काळजी अवश्य घ्यावी. प्रत्येक प्रतीवर तिरकी रेघ ओढून “केवळ अमुक पोलीस ठाण्याच्या अमुक गुन्हा क्रमांकातील जामिनासाठी” असे स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही आणि तारीख घालावी. दुसऱ्याच्या नावाचे कागद वापरून तोतया जामीनदार उभे करण्याचे प्रकार घडतात. त्यासाठी तोतयाला ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते हे खरे; तरी वसुलीची नोटीस आधी कागदावरच्या खऱ्या मालकाच्या घरी जाते आणि ती सही आपली नव्हे हे सिद्ध करण्यात त्याचे दिवस जातात. कोऱ्या छापील नमुन्यावर सही करू नये. गुन्हा क्रमांक, आरोपीचे पूर्ण नाव आणि रक्कम अंकी व अक्षरी भरलेली आहे हे पाहूनच सही करावी.

कलम ४८६ नुसार जामीनदाराने आजवर किती जणांना जामीन दिला आहे याचे संपूर्ण तपशिलासह निवेदन द्यावे लागते. येथे “एकही नाही” असे सवयीने लिहिले जाते. मागच्या वर्षी पुतण्यासाठी विजापूर नाका पोलीस ठाण्याच्या प्रकरणात दिलेला जामीन अजून चालू असेल आणि तो येथे लिहिला नसेल, तर ते शपथेवरचे खोटे निवेदन ठरते. शपथेवर खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जास्त जामीन लिहिल्याने आपण नाकारले जाऊ ही भीती असते. नाकारले गेलो तरी त्यात आपले काहीच जात नाही.

पुकारा झाला की जामीनदाराला न्यायाधीशांपुढे उभे केले जाते. प्रश्न साधे असतात: नाव काय, आरोपी कोण लागतो, काय काम करता, कितीचा जामीन देत आहात, तो आला नाही तर रक्कम भरावी लागेल हे माहीत आहे ना. वकिलाने पढवलेले “होय साहेब” एवढेच उत्तर पुरत नाही. आरोपीचे वडिलांचे नाव किंवा राहण्याचे ठिकाण विचारल्यावर गडबडणारा जामीनदार नाकारला जाऊ शकतो. मराठी नीट येत नसेल तर तसे आधी वकिलाला सांगावे. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक किंवा दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडच्या कन्नडभाषक जामीनदाराने न समजता मान हलवण्यापेक्षा, मला समजावून सांगा, असे म्हणणे अधिक शहाणपणाचे आहे.

जामीनदार इंडी, अफझलपूर किंवा कलबुर्गीचा असेल तर बाहेरचा म्हणून नकार मिळेल काय, हा सीमेवरच्या या जिल्ह्यात वारंवार येणारा प्रश्न आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारण्यात आला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका कठोर शब्दांत फेटाळली. २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे म्हटले आहे. एकाच आरोपीवर अनेक गुन्हे असतील आणि प्रत्येकासाठी वेगळे जामीनदार मिळत नसतील, तर तेच जामीनदार सर्व प्रकरणांत चालू शकतात, असा आदेश २०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात झाला. मात्र अशा वेळी प्रत्येक प्रकरणात दिलेल्या रकमांची बेरीज स्वतः करून पाहावी.

सही झाल्यावरची जबाबदारी

प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक वकिलाकडून घेऊन ठेवावा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो घातला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले हे दिसते. तारखेच्या दोन दिवस आधी आरोपीला फोन करावा. त्याला ताप आला, घरी मयत झाली, कामावरून सुट्टी मिळाली नाही, तर वकिलामार्फत त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज दिला गेला आहे ना, हे पाहावे, कारण अर्ज असला तर एका चुकलेल्या तारखेचे बहुधा वॉरंट होत नाही. स्वतःचा पत्ता बदलला तर न्यायालयाला कळवावे. ज्या मालमत्तेवर जामीन दिला ती विकायची असेल तर वकिलाशी बोलूनच व्यवहार करावा. जामीनदार नंतर अपुरा ठरला तर न्यायालय आरोपीला पुन्हा जामीनदार द्यायला सांगू शकते आणि न दिल्यास कोठडीत पाठवू शकते.

आरोपीला पकडून आणण्याचा अधिकार जामीनदाराला नाही. त्याला घरात कोंडणे, गाडी काढून घेणे, चार पोरे घेऊन त्याच्या सासुरवाडीला जाणे, यातून जामीनदारावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. जामीनदाराच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे न्यायालयाला वेळेत कळवणे.

कायद्याने ठेवलेला बाहेर पडण्याचा मार्ग नेमका येथे कामाला येतो. कलम ४८९ नुसार जामीनदार केव्हाही, कारण काहीही असो, आपल्याला या जामिनातून मुक्त करावे असा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करू शकतो. प्रकरण सत्र न्यायालयात असेल तर कोठे अर्ज द्यायचा हे वकिलाला विचारावे. अर्ज आल्यावर आरोपीविरुद्ध वॉरंट निघते, तो हजर झाला किंवा स्वतः शरण आला की जामीनदार मुक्त होतो आणि आरोपीला नवा जामीनदार द्यावा लागतो. आरोपीने फोन उचलणे बंद केले, भाड्याची खोली सोडली किंवा दलालामार्फत पासपोर्टची चौकशी सुरू केल्याचे कानावर आले, की हा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. नातेवाईक रागावतील, “तुम्ही घात केला” म्हणतील. परंतु तारीख चुकून जामीनपत्र जप्त झाल्यानंतर दिलेल्या अर्जाने आधीची जबाबदारी पुसली जात नाही. या अर्जाचे सारे मोल तो तारीख चुकण्याआधी दिला जाण्यात आहे.

नोटीस आली तर

आरोपी गैरहजर राहिला की न्यायालय कारणे नोंदवून जामीनपत्र जप्त झाल्याचे ठरवते आणि कलम ४९१ खाली जामीनदाराला, रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा, अशी नोटीस काढते. म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय वसुलीचा आदेश करता येत नाही. म्हणूनच नोटीस न घेणे किंवा “घरी नाहीत” म्हणून परत पाठवणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो, कारण त्यात आपणच ती संधी सोडून देतो. नोटिशीच्या तारखेला वकिलासह हजर राहावे, आरोपीचा ठावठिकाणा माहीत असेल तर लेखी द्यावा, त्याला आणण्यासाठी मुदत मागावी आणि आपण केलेल्या प्रयत्नांचा पुरावा जोडावा: केलेले फोन, पोलीस ठाण्यात दिलेली लेखी माहिती, रुग्णालयाचे कागद. आरोपी नंतर हजर झाला किंवा पकडला गेला म्हणून रक्कम आपोआप माफ होत नाही. पण न्यायालयाला कारणे नोंदवून रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार आहे आणि असे प्रयत्न त्या वेळी उपयोगी पडतात.

रक्कम भरली नाही तर ती दंडाप्रमाणे वसूल होते. म्हणजे जंगम मालमत्तेची जप्ती होऊ शकते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली लावली जाते. तशीही वसुली झाली नाही तर जामीनदाराला ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायाधीशांकडे अपील करता येते. सत्र न्यायालयाच्या आदेशाविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात जाते आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी सोलापूरकरांना मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येते. जामीनपत्र जप्त होण्यापूर्वी जामीनदाराचा मृत्यू झाला तर त्याच्या वारसांवर आणि मालमत्तेवर जबाबदारी राहत नाही.

खटला संपला म्हणजे सर्व संपले असे समजू नये. निकालाच्या सुमारास कलम ४८१ खाली, वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहण्यासाठी, ६ महिने अमलात राहणारे वेगळे जामीनपत्र घेतले जाते; त्यावर सही करायची की नाही हा जामीनदाराचा नवा निर्णय असतो, जुन्या सहीत तो धरलेला नसतो. निकालानंतर जामीनपत्र रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी, मूळ कागद जमा केले असतील तर पोच देऊन परत घ्यावेत, रोख रक्कम भरली असेल तर मूळ पावतीसह नाझर विभागात परताव्याचा अर्ज करावा आणि न्यायालयाच्या आदेशाने सातबाऱ्याच्या इतर हक्कांत जामिनाची नोंद झाली असेल तर ती प्रत तलाठ्याकडे देऊन नोंद कमी करून घ्यावी. पुढच्या खेपेला त्या सातबाऱ्यावर पीककर्ज मागायला गेल्यावर ती नोंद तशीच राहिलेली दिसली, तर खटला केव्हाच निकाली निघालेला असूनही बँकेला प्रत्येक वेळी खुलासा देत बसावे लागते.